अज्ञात उपकरणासाठी स्थळ पाहिजे

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात. सिंकमध्ये चहाचे कप आणि बाहेर किस्से. कप शेवटी वैतागून कुणीतरी धुऊन टाकतं. किस्से मात्र तसेच पडून राहतात, आणि चार मैत्रिणी जमल्या की मला म्हणतात, "उमा, तो काकूंच्या टॅबचा सांग ना." तो सांगावा तर त्याच्यामागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. आज सगळेच सांगून टाकते, म्हणजे माझंही डोकं जरा रिकामं होईल.

ऑफिस होटगी रोडला, कडक भाकरीच्या दुकानाच्या वर. कंपनी महेश सरांची. कंपनी म्हणजे सर, मी, सिद्धू आणि दर दिवाळीला नोकरी सोडून पुण्याला जाणारे दोन-तीन जण. मी टेस्टर. दुसऱ्यानं मन लावून केलेल्या कामात खोड काढायची आणि वर पगार घ्यायचा, असं हे पद आहे. माझ्या आईचं म्हणणं, हेच काम मी घरी फुकट करते.

भिंतीवर सरांनी मोठ्या अक्षरांत लावलंय, "एकच ॲप, सगळीकडे चालणार!" त्यातलं 'एकच ॲप' हे सरांचं स्वप्न आणि 'सगळीकडे चालणार' ही सिद्धूची शिक्षा. कारण अँड्रॉइडचं बटण एकीकडे, आयफोनचं दुसरीकडे, टॅब ऐसपैस आणि कॉम्प्युटरला तर बोटाऐवजी माउस. म्हणून ॲप उघडलं रे उघडलं की समोर नेमकं कोण बसलंय ते आधी ओळखायचं आणि त्याप्रमाणे बटणं, अक्षरं, फोटो मांडायचे. हे ओळखण्याचं काम सिद्धूचं. आल्या-गेल्याला तो अभिमानानं सांगतो, "समोरचा कोण आहे ते मला आधी कळतं." त्याला आजवर फोन सोडून समोरचं काहीही कळलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सिद्धू म्हणजे सिद्धाराम. अक्कलकोटकडचा, तिशी केव्हाच ओलांडलेला आणि बिनलग्नाचा. त्याच्या आईनं त्याला शेवटचं सांगून ठेवलंय. येत्या दिवाळीपर्यंत लग्न जमलं नाही तर सोलापूर सोडायचं आणि मामाच्या खताच्या दुकानात येऊन बसायचं. "दुकानदाराला पोरगी देतात, कॉम्प्युटरवाल्याला न्हाय," असा त्या माऊलीचा हिशोब. तो गेला तर आमच्या ॲपला हात लावू शकेल असा माणूस उरणार नव्हता, म्हणून सिद्धूचं लग्न हा कंपनीचाही जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला होता.

आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? शैलाकाकूंचं वधू-वर सूचक केंद्र!

*

आता टॅबचा किस्सा.

ॲप तयार झाल्यावर सर, सिद्धू आणि मी काकूंच्या घरी दाखवायला गेलो. काकू म्हणजे साठी उलटलेल्या, मोठं कुंकू, आवाज असा की फोन कशाला लागतो असं वाटावं. त्यांनी मुलानं दिलेला टॅब आणला. सिद्धूनं ॲप उघडलं. टॅब आडवा, डावीकडे पट्टी, फोटो मोठे, नावं ठळक, सगळं झकास. काकू खूश.

मग काकूंना चष्मा घ्यायचा होता म्हणून त्यांनी टॅब उभा धरला. ॲप एकदम बारीक झालं. एकाखाली एक फोटो, मोबाइलसारखं. काकूंनी घाबरून टॅब आडवा केला. ॲपला पुन्हा वाटलं हा कॉम्प्युटर, डावीकडची भलीमोठी पट्टी परत आली. पुन्हा उभा, पुन्हा मोबाइल. सिद्धूनं समोरचा कोण आहे ते निव्वळ रुंदीवरून ठरवलं होतं.

सर हसून म्हणाले, "काकू, हे फीचर आहे. जशी परिस्थिती, तसं रूप!"

काकूंनी टॅब टेबलावर ठेवला. "महेश, बघायला आलेला मुलगा बसल्यावर एक आणि उठल्यावर दुसरा दिसला तर मी त्याला मुलगी देईन का रे?"

सरांनी त्या संध्याकाळी सिद्धूला चहा पाजला नाही.

*

एकदा नातेपुत्याहून एका आजोबांचा फोन आला. नातीसाठी स्थळं बघत होते. तक्रार अशी की अक्षरं मुंगीएवढी दिसतात, फोटोत मुलगा की मुलगी ते कळत नाही. सिद्धूनं स्क्रीनवर त्यांची नोंद काढली आणि गोंधळला. ॲपनं आजोबांना चक्क कॉम्प्युटर म्हणून ओळखलं होतं. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"आजोबा, तुम्ही कॉम्प्युटरवर बसलाय का?"

"न्हाय ओ, बांधावर बसलोय."

"पण आमच्याकडं तर तुम्ही कॉम्प्युटर दिसताय."

आजोबा म्हणाले, "मी? अवो, मी तर अजून फोटू बी पाठवला न्हाय!"

शेवटी उलगडा झाला. त्यांच्या नातवानं कसला तरी ऑनलाइन अर्ज भरताना फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू केलं होतं आणि तसंच सोडून दिलं होतं, आणि आजोबा आमचं ॲप त्याच ब्राउझरमध्ये उघडत. तेव्हापासून आजोबांचा फोन साऱ्या जगाला छातीठोकपणे सांगत होता की मी कॉम्प्युटर आहे, आणि आमचा सिद्धू विश्वास ठेवत होता. त्याला मी म्हटलं, "फोन जे सांगेल ते खरं मानतोस, मी सांगितलेलं एक तरी कधी मानलंस का?" तो म्हणाला, "फोन लिहून देतो, तू नुसतीच बोलतेस."

*

आयफोनचा प्रश्न त्याहून नाजूक. आयफोनवर ॲप चालतं का ते बघायला आयफोन लागतो. ऑफिसात तो नाही. सरांचं म्हणणं, "सोलापुरात आयफोनवाले असतात किती? त्यांच्यासाठी आपण कशाला?" मग तपासायचं कसं? तर सरांचे मेव्हणे दर रविवारी बहिणीला भेटायला येत, त्यांच्याकडे होता. सोमवारी सर येऊन सांगत, "उमा, आयफोनवर ठीक चाललं. काल जेवताना बघितलं." कधी "बटणं जरा खाली सरकलीत. श्रीखंड वाढेपर्यंत एवढंच बघता आलं."

म्हणजे आमच्या आयफोन आवृत्तीची सगळी तपासणी वहिनींच्या माहेरच्या माणसावर अवलंबून! मी सरांना अनेकदा सुचवलं की मेव्हण्यांना टेस्टर म्हणून घ्या, मला सोडा. पण मेव्हणे फक्त गोड असेल त्या दिवशीच काम करत.

मग एकदा सरांच्या घरी कशावरून तरी बिनसलं. मेव्हणे येईनासे झाले. नेमकं तेव्हाच काकूंचं नवं बटण सगळीकडे द्यायचं होतं. अँड्रॉइडवर दिलं, कॉम्प्युटरवर दिलं, आयफोन अडकला. काकूंचा रोज फोन, "अरे, आयफोनवाल्यांना कधी मिळणार?"

सिद्धूनं एकदा खरं तेच सांगितलं. "काकू, आमच्या वहिनी आणि त्यांच्या भावाचं बोलणं सुरू झालं की लगेच!"

काकूंनी काय केलं असेल? रिक्षा केली, सरांच्या घरी गेल्या आणि बहीण-भावाचा समेट घडवून आणला. सोमवारी आयफोनची आवृत्ती बाहेर पडली. जोडायचं काम म्हणजे काकूंच्या हातचा मळ.

*

टीव्हीचा किस्सा माझ्याच घरचा, म्हणून जरा जपून सांगते. आमचं घर पूर्व भागात. काका पूर्वी यंत्रमागावर होते, आता टीव्हीवर असतात. चुलत बहिणीसाठी स्थळं बघायची तर सगळ्यांना एकदम दिसावीत म्हणून काकांनी ॲप टीव्हीवर उघडलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे टीका करायला भाषेची अडचण येत नाही. माझी काकू, आत्या, शेजारच्या दोघी, सगळ्या बसल्या. याचं नाक, त्याची उंची, तिसऱ्याचा शर्ट!

आता टीव्ही हा प्रकार सिद्धूच्या कोडमध्ये नव्हताच. ॲपनं ठरवलं, पडदा मोठा आहे तर कॉम्प्युटरच असणार. पण टीव्हीला माउस नाही, रिमोट. आणि रिमोटचं 'ओके' जिथं आपोआप जाऊन बसायचं ते बटण होतं 'पसंत'. काकांना वाटलं, 'ओके' दाबलं की पुढचा मुलगा येतो. येतच होता! एक बघायचा, नाकं मुरडायची, 'ओके'. दुसरा बघायचा, "छे, टक्कल," 'ओके'.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे फोन सुरू. आपण पसंत पडलो म्हणून सगळे हरखलेले. टक्कलवाल्याचे वडील तर मिठाई घेऊन निघाले होते.

शैलाकाकू माझ्यावर उसळल्या. "उमा, एका मुलीला एवढे होकार? हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "काकू, टीव्हीवर चालतं तेवढं."

काकांनी त्यानंतर रिमोट हातात घेतला नाही. बहिणीनं त्याच गोंधळातल्या एकाशी लग्न ठरवलं. अर्थात टक्कलवाल्याशी. बोलून बघितलं तर माणूस चांगला निघाला म्हणाली.

*

एवढ्यावर भागलं असतं तर हे नुसते किस्से राहिले असते. पण सिद्धूनं एक चूक केली. काकूंच्या स्क्रीनवर प्रत्येक स्थळासमोर त्यानं एक रकाना ठेवून दिला. प्रोफाइल कुठल्या उपकरणावरून भरलं, एवढंच त्यात दिसायचं. हा रकाना आमच्यासाठी होता, बिघाड शोधायला. काकूंना तो सापडला.

"हे आयओएस म्हणजे काय रे?"

"आयफोन, काकू."

"अस्सं!" काकू एवढंच म्हणाल्या. आम्ही सावध व्हायला हवं होतं.

आठवड्याभरात काकूंनी स्थळं फोनच्या प्रकारावरून लावायला सुरुवात केली. मुलीकडच्यांना सांगायच्या, "मुलगा आयफोनवाला आहे हो, पत्रिका सावकाश बघू." साधा अँड्रॉइड असेल तर "घर बरं आहे." कॉम्प्युटरवरून भरलेलं असेल तर "नोकरी असावी." सरांना या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी सिद्धूला लगेच कामाला लावलं. ॲपच्या यादीत आयफोनवाले सगळ्यात वर आणि त्यांच्या फोटोला सोनेरी चौकट, त्याखाली अँड्रॉइड, मग कॉम्प्युटर, आणि ज्यांचं काहीच कळत नाही ते अज्ञात, पार तळाला.

सिद्धूनं विरोध केला. "सर, हे फोन ओळखायला केलंय, माणसं लावायला नाही."

सर म्हणाले, "माणसं लावायला काकू आहेत. तू चौकट कर."

चौकट झाली. काही दिवसांनी काकूंचा आनंदानं थरथरता फोन. "महेश, कुंभारी गावात एवढी श्रीमंती कधी आली रे? एका गल्लीतली सगळी मुलं सोनेरी!"

काकूंनी तीन मुलींकडच्यांना घेऊन कुंभारी गाठली. मुलं चांगली होती, साधी, कामाला जाणारी. खिशात साधे फोन. काकूंनी खोदून विचारलं, तेव्हा एकानं सांगितलं, "फोटूवाल्या अण्णांनी भरलं की सगळ्यांचं. त्यांचा कॅमेरा लई भारी हाय." गल्लीच्या तोंडावर फोटो स्टुडिओ होता. फोटो काढला की अण्णा स्वतःच्याच आयफोनवर लगोलग प्रोफाइलही भरून देत. सोनं सगळं अण्णांचं!

काकू परत आल्या त्या तडक ऑफिसात. चौकट काढायला लावली. क्रम मात्र तसाच राहिला, कारण तो काढायला सरांनी सिद्धूला वेळ दिला नाही. सरांच्या मते चौकट दिसते, क्रम कुणाला दिसतो?

*

क्रम एकाला दिसत होता. सिद्धूला.

कारण आईच्या धाकानं त्यानं स्वतःचंही प्रोफाइल काकूंच्या केंद्रात भरलं होतं. कधी? ॲप तपासताना. कशावरून? तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खोट्या फोनवरून. असे खोटे फोन आमच्याकडे असतात, खरे घ्यायला सर तयार नसतात म्हणून. त्या खोट्या फोनला सिद्धूच्याच कोडनं विचारलं, तू कोण? त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, माहीत नाही. झालं! 'सिद्धाराम, बीई कॉम्प्युटर, अज्ञात उपकरण.' हजारभर मुलांच्या खाली, एकटाच.

काकूंना मी गाठून विचारलं की आमच्या मुलाला कुठं दाखवता का. काकू म्हणाल्या, "अगं, मुलगा चांगला आहे, मी ओळखते. पण मुलीकडचे विचारतात, अज्ञात म्हणजे काय? मी काय सांगू?"

मी सिद्धूला म्हटलं, "अरे, तुझ्या हातात आहे. एका ओळीचं काम. जा आणि स्वतःला अँड्रॉइड कर."

"नाही. स्वतःसाठी डेटाला हात लावणार नाही."

"मग प्रोफाइल पुसून नवीन भर."

"तेही हात लावणंच झालं की."

अशी तत्त्वं असलेली माणसं एकतर पुढारी होत नाहीत किंवा नवरे होत नाहीत. त्याची आई दर आठवड्याला फोन करून विचारायची आणि हा गॅलरीत जाऊन कानडीत हळूहळू काहीतरी समजावत राहायचा. परत आला की थेट स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. मी त्याची टर उडवायची सोडली नाही, पण त्या दिवशी चहा मी करायची. दिवाळी जवळ येत होती.

*

आणि मग मंगळवेढा उगवलं!

प्रोफाइल कुणी बघितलं तर त्याची नोंद व्हायची. नाव नाही, कारण नुसतं बघायला नाव द्यावं लागत नसे. फक्त गाव आणि उपकरण. सिद्धूच्या प्रोफाइलला कित्येक महिने कुत्रंही फिरकलं नव्हतं. एक दिवस तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "उमा, मंगळवेढ्यातून कुणीतरी बघितलंय. आयफोन!"

दोन दिवसांनी टॅब. मग एक जुनाट अँड्रॉइड. मग नवा अँड्रॉइड, मोठ्या पडद्याचा. मग एक कॉम्प्युटर. सगळी मंगळवेढ्याची, सगळी सिद्धूवर येऊन थांबलेली. सर म्हणाले, "मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध होती, आता सिद्धू!"

सिद्धू सुरुवातीला लाजला. मग त्यानं विश्लेषण सुरू केलं. "टॅबवाली बहुतेक शिक्षिका. जुना अँड्रॉइड म्हणजे साधी, संसारी मुलगी. कॉम्प्युटरवाली बँकेत असेल."

"आणि आयफोनवाली?"

"ती जरा खर्चिक वाटते," तो गंभीरपणे म्हणाला.

पुढं तर कहरच झाला. त्यानं केस कापले. इस्त्रीचा शर्ट घातला. काकूंनी अखेर सोलापुरातलंच एक स्थळ आणलं, तर हा म्हणतो, "थांबा जरा काकू. मंगळवेढ्यातून बरीच मागणी आहे, सगळ्यांना न्याय द्यायला हवा." काल तळाला पडलेला माणूस आज निवड समितीवर बसला होता! काकूंनी मला फोन करून विचारलं, "हा आजारी आहे का?"

आणि त्याच आठवड्यात मंगळवेढ्याहून काकूंना एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलगी महानंदा, शिकलेली, एसटी स्टँडजवळ तिचं स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मुलगा बघायचा आहे म्हणाले. सिद्धूला सांगितलं तर याचं तोंड वाकडं. "यात ती कुठली? पाच जणी असताना पहिलीच बघून होकार कसा देऊ?"

सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तुला होकार द्यायला कुणी सांगितलंय? तू नुसता जा!"

*

रविवारी आम्ही एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. सिद्धू, त्याची आई, शैलाकाकू आणि मी. मला सरांनी मुद्दाम पाठवलं, सिद्धू मुलीला कोड समजावू लागला तर त्याला चिमटा काढायला.

घर दुकानाच्या मागंच होतं. वडिलांनी हसत हसत आत घेतलं. सिद्धूच्या आईला बोलण्यावरून ओळखून त्यांनी कानडीत विचारपूस केली, तेव्हा त्या माऊलीचा चेहरा जरा सैल झाला. महानंदा पोहे घेऊन आली. सावळी, हसरी, साडी नीटनेटकी. बोटावर भाजल्याची खूण. सिद्धूच्या आईनं ती खूण बघितल्याचं तिला कळलं. "भाकरीची न्हाय, सोल्डरिंगची," ती म्हणाली.

वडील म्हणाले, "ल्हानपनी घरातला रेडू उगडून बसायची. म्हनलं, उगडायचंच हाय तर दुकान घाल."

मग काकूंनी नेहमीचं वाक्य टाकलं, मुलांना काय विचारायचं ते विचारू दे. सिद्धूनं पोह्यांत चमचा घातला. महानंदाच म्हणाली, "तुमी त्या ॲपचं नक्की काय काम करता?"

मी चिमट्याची तयारी केली. पण त्यानं थोडक्यात सांगितलं. "ॲप उघडलं की समोर कुठला फोन आहे, ते मी ओळखतो."

"आनि मानूस?"

"माणूस नाही. फोनच."

तिनं मान हलवली. "मग हितनं तुमचं प्रोफाइल कुनी कुनी बघितलं, ते दिसलं असंल की."

सिद्धू ताठ बसला. आईला ऐकू जावं म्हणून आवाज जरा वाढवला. "दिसतं ना. मंगळवेढ्यातून बरेच जण आहेत. एक आयफोन आहे, एक टॅब आहे, एक जुना अँड्रॉइड..."

"आयफोन वकीलसायबांचा," महानंदा म्हणाली. "डिस्प्ले गेला हुता. टॅब शाळंचा, पोरांनी पाडलेला. जुना फोन माज्या मामाचा, त्यो शेळ्यांमागं असतो, पान्यात पडला हुता. मोठ्या पडद्याचा कापडवाल्यांचा."

"आणि... कॉम्प्युटर?"

"त्यो दुकानातला. माजाच."

सिद्धूच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच राहिला. शिक्षिका गेली, बँकवाली गेली, खर्चिक होती तीही गेली.

"फोन दुरुस्त झाला की शेवटी तुमचं ॲप लावून बघते," ती सहज सांगत होती. "लई जड हाय ओ. त्ये चाललं म्हंजी त्या फोनवर कायबी चालतंय."

इतकी वर्षं टेस्टिंग केलं, पण आमच्या ॲपबद्दल इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं. शैलाकाकूंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. वडील "अगं, गप की!" म्हणून दटावू लागले. सिद्धूच्या आईला काहीच कळेना, ती मला खालच्या आवाजात विचारू लागली, "एन अंताळ अकी? काय म्हनती ती?" मी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला.

सिद्धूकडे बघवत नव्हतं. कान लाल झालेले, नवा शर्ट, कापलेले केस. ऑफिसात मी त्याला काय काय बोलले असेन, पण त्या क्षणी मला खरंच फार वाईट वाटलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि मंगळवेढ्यातल्या सगळ्या मुली दुरुस्तीच्या दुकानातल्या एका ड्रॉवरमधून निघाल्या होत्या.

त्यानं बशी खाली ठेवली. "म्हणजे माझं प्रोफाइल फक्त फोन तपासायला उघडत होता तुम्ही?"

महानंदा कपबश्या ट्रेमध्ये गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "नुसता फोन तपासायचा असता तर पैलंच प्रोफाइल उगडलं असतं की. तुमचं तर पार तळाला हाय."